घरांतील तिसरी तार

वैशाख सरत आला, दुपारीं ढग जमूं लागले आणि अंगणांतल्या धुळीला पहिल्या थेंबांचा वास सुटला, म्हणजे पूर्वीं घरांतील वडील माणसें वाळवणें गोळा करावयास सांगत. हल्लीं तींच माणसें "टी. व्ही.ची पिन काढा, मोडेम बंद करा," असें सांगत खोल्याखोल्यांतून फिरतात, आणि तरुण मंडळी त्यांस हंसतात. हंसण्याचें कारण भिंतीशीं पडलेला एक पांढरा बोर्ड. चार-सहा खांचा, एक बटण आणि एक-दोन चिमुकले दिवे असलेल्या या वस्तूस बाजारांत 'स्पाइक गार्ड' म्हणतात. ती एकदां विकत आणली कीं घरांतील यंत्रांच्या जिवाची काळजी मिटली, अशी सुशिक्षित कुटुंबांतूनही समजूत आहे. आमचीही होती. ती कशी फिटली आणि तिच्यापायीं आमच्या घरांत काय घडतां घडतां राहिलें, तें वाचकांपुढें मांडावें म्हणून हा लेख.

प्रथमच सांगावयास हवें कीं, आम्ही विद्युच्छास्त्र जाणणारे नव्हों. शब्दरूपें व धातुरूपें पाठ करवून घेण्यांत जन्म गेलेल्या माणसाची ओहम आणि अँपियर यांच्याशीं ओळख उतारवयांत व्हावी, हा दैवाचा विनोदच होय. ती करून दिली आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें. तो आज विद्युत् अभियंता आहे. शाळेंत असतां त्याचें आणि विभक्तिप्रत्ययांचें कधीं जमलें नाहीं. येथें मात्र तो गुरु व आम्ही शिष्य. पुढील शास्त्र त्याचें आहे; कांहीं चुकलें असेल तर तें आमचें.

२०१९ सालच्या मे महिन्यांतील एका वळिवांत, पुण्याच्या जुन्या पेठेंतील आमच्या वाड्यापासून दोन गल्ल्या पलीकडे एका नारळावर वीज पडली. आमच्या घरावर ठिणगीही आली नाहीं. तरी त्याच क्षणीं आमचा टी. व्ही. संच, इंटरनेटचा मोडेम आणि कपडे धुण्याच्या यंत्राचें आंतील सर्किट, अशा तिन्ही वस्तू एकदम निकामी झाल्या. वीज तिकडे पडली आणि नुकसान इकडे कसें?

अमरकोशांत विजेला दिलेल्या नांवांपैकीं 'चपला' आणि 'क्षणप्रभा' हीं दोन आम्ही वर्षानुवर्षें मुलांकडून घोकून घेतलीं. त्यांचा खरा अर्थ या प्रसंगानें कळला. कोसळणाऱ्या विजेचा प्रवाह सामान्यतः ३०,००० अँपियरच्या घरांत असतो, आणि तो कांहीं मायक्रोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दशलक्षांश भागांच्या हिशेबानें, शिखरास पोंचतो. इतका प्रचंड प्रवाह इतक्या थोड्या अवधींत वाहिला, म्हणजे त्याच्या भोंवतालच्या चुंबकीय क्षेत्रांत जी उलथापालथ होते तिच्यामुळें जवळपासच्या खांबांवरील तारांत नुसत्या सान्निध्यानेंच हजारों व्होल्टचा दाब उत्पन्न होतो. स्पर्शाची गरज नाहीं. तारा तो दाब घरोघरीं पोंचवितात.

आपल्या घरांत येणारी वीज २३० व्होल्टची म्हणतात. हा एक प्रकारचा सरासरीचा आंकडा आहे. सेकंदास ५० आवर्तनें करणारा तो दाब प्रत्येक आवर्तनांत एकदां या बाजूस व एकदां त्या बाजूस ३२५ व्होल्टपर्यंत जाऊन येतो. घरगुती यंत्रें क्षणिक उसळी २,५०० व्होल्टपर्यंत सोसतील अशा बेतानें बनवावीं, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. नाजुक यंत्रांसाठीं हीच मर्यादा १,५०० धरतात. त्यापलीकडची उसळी आली कीं आंतील आवरण फुटतें, आणि मागाहून येणारी नेहमींची वीज उरलेलें काम पुरें करते.

सर्वच उसळ्या आभाळांतून येतात असें मात्र नाहीं. पाण्याचा पंप बंद होतो, फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबतो, तेव्हां त्यांच्या वेटोळ्यांत सांठलेली शक्ति तारेंत परत उसळते. या उसळ्या लहान, पण रोजच्या. वाळवीप्रमाणें त्या यंत्राचें आयुष्य कुरतडतात.

आम्हीं तीन स्पाइक गार्ड विकत आणले. त्यांच्या पोटांत काय असतें तें त्या वेळीं कोणी सांगितलें असतें, तर पुढचा प्रसंग टळता. हें उपकरण प्रामाणिकपणें बनविलेलें असेल तर त्यांत जस्ताच्या ऑक्साइडची, रुपयाच्या नाण्याएवढी किंवा त्याहून लहान अशी एक चकती असते. जपानांतील मात्सुशिता कंपनींत मिचिओ मात्सुओका यांनीं १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ती प्रथम सिद्ध केली. नेहमींच्या दाबास ही चकती भिंतीप्रमाणें आडवी राहते. दाब मर्यादेबाहेर गेला कीं तीच भिंत दरवाजा होते, आणि उसळी ओसरली कीं तो दरवाजा आपोआप मिटतो. आपल्याकडे बहुधा २७५ व्होल्टच्या अंकाची चकती घालतात, व ती उसळीचा दाब सुमारें ७०० व्होल्टांवर रोखून धरते. यंत्र तेवढें निभावून नेतें.

पण चकती सारी उसळी गिळून टाकीत नाहीं. ती तिला वाट देते. मग वाट कोठें? फेजच्या तारेवरची उसळी न्यूट्रलच्या तारेंत सोडून देणारी चकती स्वस्तांतल्या बोर्डांतही असते, आणि पंपाच्या उसळीस ती पुष्कळ झाली. परंतु वीज जवळपास पडते तेव्हां फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा जोडीनेंच जमिनीच्या मानानें उंच उचलल्या जातात. दोघीही बुडत असतां एकीनें दुसरीचा हात धरून काय उपयोग? त्या वेळीं वाट हवी जमिनींत. आणि जमिनींत नेणारी वाट म्हणजे तीन पिनांतील वरची जाड पिन, तिच्या मागची तिसरी तार, वायरमन ज्यास 'अर्थिंग' म्हणतात तो भूसंबंध.

खरखर गाळण्याच्या जाळीचेंही तसेंच. यंत्रांतून निघणाऱ्या जलद कंपनांचा उपद्रव रोखण्यासाठीं संगणकांत, धुलाई-यंत्रांत आणि महागड्या बोर्डांत एक गाळणी बसवितात. एका कड्यावर दोन तारा गुंडाळलेलें वेटोळें आणि दोन-तीन लहान धारित्रें, एवढाच तिचा संसार. त्यांतील दोन सारखीं धारित्रें फेजपासून व न्यूट्रलपासून निघून मध्यें अर्थच्या तारेला मिळतात. आतां अर्थची तार कोठेंच जोडलेली नसेल, तर त्या मधल्या बिंदूवर, म्हणजे यंत्राच्या लोखंडी अंगावर, निम्मा दाब म्हणजे सुमारें ११५ व्होल्ट येऊन बसतात. त्यांतून वाहूं शकणारा प्रवाह अत्यल्प असतो, म्हणून माणूस दगावत नाहीं; पण मनुष्याच्या अंगास अर्ध्या मिलिअँपियरपासूनच प्रवाहाची जाणीव होऊं लागते. संगणकाच्या पेटीला किंवा धुलाई-यंत्राच्या कडेला हात लावतां मुंग्या येतात, अशी तक्रार ज्या घरांतून ऐकूं येते, तेथें यंत्र बिघडलेलेंच असेल असें नाहीं. घरांत तिसरी तार नाहीं, हें तें यंत्र आपल्या परीनें सांगत असतें.

आमच्या वाड्यांत ती नव्हतीच. जुन्या घरांतील जोडणी लांकडी पट्ट्यांवरून गेलेल्या दोन तारांची. पुढें तीन भोंकांचीं सॉकेटें आलीं, तीं भिंतीवर बसलीं, पण वरच्या मोठ्या भोंकामागें पोकळीच राहिली. स्पाइक गार्ड लावले तेव्हां त्यांवरील 'अर्थ' असें लिहिलेला हिरवा दिवा लागेना. सोबतच्या कागदावर बारीक अक्षरांत छापलें होतें कीं, योग्य भूसंबंध नसल्यास संरक्षणाची हमी नाहीं. आम्हीं पेठेंतल्या एका वायरमनला बोलाविलें. त्यानें पेंचकस घेऊन सहा सॉकेटें उघडलीं, प्रत्येकांत बोटभर तारेचा एक तुकडा घातला, आणि अर्ध्या तासांत काम आटोपलें.

"काका, बघा, दिवा लागला!"

दिवा खरोखरच लागला होता. मुंग्या येणेंही थांबलें. आम्हीं समाधानानें पैसे दिले, वर चहाही पाजला. त्या बोटभर तुकड्यानें त्यानें काय केलें होतें तें आम्हांस वर्षभरानें कळलें.

३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' नांवाचें चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर येऊन थडकलें. त्या दिवशीं पुण्यांतही सोसाट्याचा वारा होता, झाडें पडलीं, पुष्कळ भागांत वीज गेली. आमच्याकडे ती रात्रीं परत आली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुन्हा सर्व दिवे मालवले, पंखे थांबले. वीज गेली असें म्हणून आम्ही वर्तमानपत्र घेऊन खिडकीशीं सरकलों. आमच्या सौभाग्यवती नुकत्याच स्नान करून आल्या होत्या. ओले केस, ओले पाय, खालीं शहाबादी फरशी. नैवेद्याचें दूध काढावें म्हणून त्या फ्रिजकडे गेल्या, आणि दाराच्या कडेला त्यांच्या हाताची पाठ लागली मात्र, त्या किंचाळून मागें फेंकल्या गेल्या. तळहातानें कड धरली असती तर स्नायू आंखडून मूठ सुटलीच नसती. मुलानें धांवत जाऊन मेन स्विच खालीं ओढला. त्या बराच वेळ थरथरत भिंतीशीं बसून होत्या, बोलल्या त्या एवढेंच, कीं "वीज तर गेली होती ना?"

हाच प्रश्न आम्हीं त्या दिवशीं दूरध्वनीवरून आमच्या विद्यार्थ्यास विचारला. तो पलीकडे क्षणभर गप्प राहिला, आणि म्हणाला, "गुरुजी, मी येईपर्यंत मेन चालू करूं नका. कोणालाही करूं देऊं नका."

तो आला. त्यानें मेन चालू केला. दिवे अर्थातच लागले नाहींत. मग त्यानें टेस्टर फ्रिजच्या अंगाला टेंकविला. टेस्टर लखलखीत पेटला. वीज गेलेल्या घरांत फ्रिज, धुलाई-यंत्र, संगणकाची पेटी, सगळ्यांचीं अंगें जिवंत होतीं. त्यानें एक सॉकेट उघडून तो बोटभर तुकडा आम्हांस दाखविला. वायरमननें न्यूट्रलची तार वळवून अर्थच्या भोंकाला जोडली होती. 'अर्थ'चा तो हिरवा दिवा फेज आणि अर्थ यांच्यामध्यें लावलेला असतो. अर्थच्या जागीं न्यूट्रल आली तरी तो तितक्याच उजेडानें लागतो. दिव्याला दोहोंतला भेद कळत नाहीं.

वादळांत सैल झालेली, खांबावरून येणारी न्यूट्रलची तार त्या सकाळीं तुटली होती. फेज शाबूत होती. वीज फेजनें घरांत येई, फ्रिजच्या कॉम्प्रेसरमधून, पंख्याच्या वेटोळ्यांतून न्यूट्रलच्या तारेंत उतरे, आणि परतीचा रस्ता तुटलेला पाहून तेथेंच तुंबून राही. त्यामुळें घरांतील सारी न्यूट्रलची तार २३० व्होल्टांवर चढली, आणि त्या तुकड्यांच्या वाटेनें प्रत्येक यंत्राच्या लोखंडी अंगावर आली. जमिनीकडे जाण्यास तिला एकच वाट मिळाली: ओल्या पायांनीं उभी असलेली गृहिणी. यंत्रांच्या संरक्षणासाठीं आणलेल्या बोर्डाचा दिवा लागावा म्हणून आम्हीं हें करविलें होतें, आणि वर चहा पाजला होता.

विलायतेंत कांहीं ठिकाणीं न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडतात हें खरें. पण ती जोड मीटरपाशीं, वीज पुरविणाऱ्या कंपनीच्या नियमांनीं व जागोजाग जमिनींत रोवलेल्या तारांच्या आधारानें केलेली असते. सॉकेटांत तुकडा घालून ती करणें हा मृत्यूस दिलेला उंबरठ्यावरचा पाट आहे. आपल्या पेठांतून, चाळींतून असे तुकडे किती सॉकेटांत दडले असतील, त्याची कल्पनाही नकोशी वाटते. वाचकांनीं जाणत्या वायरमनकडून स्वतःच्या घरचें एक तरी सॉकेट उघडवून पहावें, आणि तें त्यानें मेन बंद करूनच उघडावें.

आमचें घर मग नव्यानें बांधल्यासारखेंच झालें. परसांत खड्डा घेऊन सुमारें अडीच मीटर लांबीचा जस्तलेपित लोखंडी नळ पुरला, भोंवतीं कोळसा व मीठ यांचे थर दिले. जागा प्रथम तुळशीवृंदावनाशेजारीं ठरली होती, कारण तेथें रोज पाणी पडतें. पण मिठानें तुळस जळेल, हें सौभाग्यवतींच्याच ध्यानांत आलें, आणि खड्डा न्हाणीच्या मोरीकडे सरकला. ओल महत्त्वाची. आमच्या पठारावर दोन-तीन हातांखालीं मुरूम आणि काळा खडक लागतो, व उन्हाळ्यांत ती जमीन विजेस फारशी वाट देत नाहीं. म्हणून चैत्र-वैशाखांत त्या खड्ड्यांत दोन दिवसांआड बादलीभर पाणी घालावें लागतें. मापून पाहतां रोध ४ ओहम भरला. ५ च्या आंत असला म्हणजे वायरमन मंडळी संतुष्ट असतात.

आम्हीही संतुष्ट होतों. पण विद्यार्थ्यानें फळ्यावरच्या गणितासारखें एक गणित घातलें. फेजची तार यंत्राच्या अंगाला चिकटली, तर २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपियर प्रवाह जमिनींत जाईल. आपल्या मुख्य बोर्डावरील एम. सी. बी. ३२ अँपियरचा. तेवढ्या जादा प्रवाहास तो तात्काळ पडेलच असें नाहीं; मिनिटेंच्या मिनिटें तसाच बसेल. म्हणून अर्थिंग एकटें पुरेसें नाहीं. जोडीला ३० मिलिअँपियरचा आर. सी. सी. बी. हवा. गेलेला प्रवाह आणि परतलेला प्रवाह यांचा हा सतत हिशेब ठेवतो, आणि तेवढी तूट दिसली कीं पापणी लवण्याच्या आंत दोन्ही तारा तोडतो. तो ४ जूनला असता तर सौभाग्यवतींस किंचित् झटका बसून तेवढ्यावर निभावलें असतें. मात्र तो स्वतःच्या कामासाठीं घरच्या विजेवर अवलंबून नसलेल्या जातीचा असावा, नाहींतर न्यूट्रल तुटतांच तोही आंधळा होतो. खरेदी करतांना एवढें विचारून घ्यावें.

उसळीच्या बंदोबस्ताची चकती आतां मोठ्या रूपांत मुख्य बोर्डावरच बसली आहे. दुकानांत तिला 'टाइप २'चें उपकरण म्हणतात. ती बसवितांना विद्यार्थ्यानें तारेच्या लांबीवरून वायरमनशीं (हा दुसरा!) चांगलाच वाद घातला. उसळीचा प्रवाह इतका चपळ असतो कीं सरळ तारही त्यास अडथळा करते: मायक्रोसेकंदांत १,००० अँपियर या वेगानें चढणाऱ्या प्रवाहास एक मीटर तार म्हणजे सुमारें १,००० व्होल्टची चढण. चकती ७०० व्होल्टांवर रोखणार आणि तिच्या दोन मीटर तारा वर २,००० ची भर घालणार, तर मिळविलें काय? एकंदर लांबी अर्ध्या मीटरच्या आंत असावी. वायरमनला सुबक गुंडाळी करून तार ठेवावयाची होती. ती त्यास मोडावी लागली.

मोडेमसाठीं पूर्वीं तांब्याची तार येई, आणि विजेच्या सॉकेटास कितीही पहारा ठेवला तरी चोर त्या दुसऱ्या दारानें शिरत असे. आतां कांचेचा तंतु आला आहे. कांच वीज वाहत नाहीं, तें दार आपोआपच बंद झालें. केबल टी. व्ही.ची तार मात्र तांब्याचीच आहे, ती वळिवाच्या दिवशीं हातानें काढावी.

दोन गैरसमज येथें उरकून घेतों. स्टॅबिलायझर म्हणजे उसळीरोधक नव्हे. त्याच्या आंतील रिले हालेपर्यंत उसळी येऊन घर जाळून गेलेली असते. तो मंद गतीनें चढणाऱ्या-उतरणाऱ्या दाबासाठीं आहे. उलटपक्षीं, ट्रान्सफॉर्मरजवळ तीन फेजांची सामायिक न्यूट्रल तुटली, तर ज्या घरीं भार कमी त्या घरीं दाब ४०० व्होल्टांच्या जवळ जाऊन मिनिटेंच्या मिनिटें तेथेंच राहूं शकतो. अशा वेळीं उसळीची चकती उपयोगी तर नाहींच, पण तापून पेट घेण्याचा संभव असतो. त्याकरितां दाब मर्यादेबाहेर जातांच पुरवठा तोडणारें वेगळें उपकरण मिळतें, तें आम्हीं बसविलें आहे. शिवाय प्रत्येक मोठ्या उसळीगणिक चकती झिजते. झिजलेली चकती दाखविणारी लहानशी खिडकी चांगल्या उपकरणावर असते. तिचा रंग पालटला कीं ती बदलावी. आम्ही दर पाडव्यास तो रंग पाहतों आणि आर. सी. सी. बी.चें परीक्षेचें बटण दाबतों. पंचांगश्रवणानंतर घरभर क्षणभर अंधार होतो, त्याची आतां नातवंडांस मौज वाटते.

राहिली रेडिओची खरखर. आम्ही अजून मध्यम लहरींवरील रेडिओ ऐकतों. घरांत हा आमचा एकट्याचाच षोक. अर्थिंग झाल्यावर ती बरीच उतरली, पंख्याचा जुना रेग्युलेटर बदलल्यावर आणखी उतरली. पण सकाळीं सहा ते सात या वेळांत ती पुन्हा उठे. विद्यार्थ्यानें पेटीवर चालणारा लहानसा रेडिओ हातांत घेऊन, एकामागून एक एम. सी. बी. पाडीत घर धुंडाळलें. खरखर वाढत वाढत गेली ती देवघरापाशीं. तेथें सौभाग्यवतींनीं देवांमागें रंगीत एल. ई. डी.ची माळ लावली होती. स्वस्तांतल्या अशा माळांत गाळणी घालण्याचा खर्च कोणी करीत नाहीं, आणि दाब उतरविणारें तिच्यांतलें चिमुकलें यंत्र घरच्या तारांचीच आकाशतार करून साऱ्या वाड्यांत प्रक्षेपण करीत असतें. माळ बंद होतांच निवेदकाचा शब्द न् शब्द स्वच्छ ऐकूं येऊं लागला.

त्या माळेच्या तारेवर, यंत्राच्या अगदीं जवळ, फेराइटचें एक कडें चढविलें, तारेचे त्यांतून पांच फेरे घेतले. खरखर निम्म्यावर आली. उरलेल्या निम्म्यासाठीं असें ठरलें आहे कीं, आमच्या बातम्या होईपर्यंत देवांस निरांजन, आणि त्यानंतर माळ.